पुरण, पाक आणि संत्री: नागपूरच्या घरातले गोडधोड

नागपूरच्या सणाच्या ताटात गोडाचा पहिला मान पुरणपोळीचा. होळी, अक्षय तृतीया, पोळा, महालक्ष्म्या, दसरा हे सण वर्षभर विखुरलेले असले तरी नैवेद्य बहुधा तोच असतो. पुरणपोळी महाराष्ट्रभर होते, पण विदर्भातली पोळी दिसण्यावरूनच ओळखू येते. पश्चिम महाराष्ट्रात ती मोठी, पातळ आणि बरीचशी कोरडी असते. विदर्भात ती आकाराने लहान, जाड आणि पुरणाने ठासून भरलेली असते. कणकेची गोळी लिंबाएवढी घेतली तर पुरणाचा गोळा तिच्या दुप्पट-तिप्पट असतो. पोळीवर तूप नुसते सोडून भागत नाही, सोबत तुपाची वाटी लागते आणि घास त्यात बुडवून खाल्ला जातो. ताटात कढी, वडे आणि भजी असतात. गोडावर आंबट आणि तिखट लागतेच, एरवी एवढे पुरण पोटात जाणे कठीण.

कृती सोपी दिसते, पण कसोटीच्या जागा तीन आहेत. पहिली डाळीची. हरभऱ्याची डाळ पूर्ण मऊ शिजल्यावरच गूळ घालायचा असतो. आधी घातला तर डाळ कितीही वेळ आचेवर ठेवली तरी कणी राहते, कारण गुळातली साखर, आम्लता आणि चुना डाळीचा गर मऊ होऊ देत नाहीत. दुसरी जागा आटवण्याची. एक वाटी डाळीला साधारण एक वाटी गूळ घेतात. गुळाचे पाणी सुटून पुरण सैल होते, मग ते पुन्हा घट्ट होईपर्यंत ढवळावे लागते. उलथने मधोमध उभे राहिले की पुरण झाले, ही घरोघरची खूण अजून कोणत्याही उपकरणाने मागे टाकलेली नाही. नागपूरकडे अनेक घरांत गुळाबरोबर थोडी साखरही घालतात, त्यामुळे रंग फिका आणि चव सौम्य होते. तिसरी जागा कणकेची. चिमूटभर मीठ आणि तेल घालून ती सैल भिजवायची, तास-दोन तास झाकून ठेवायची आणि पुन्हा तेलाचा हात लावून तार येईपर्यंत मळायची. पुरण जितके जास्त भरायचे तितकी कणीक लवचीक हवी. पोळी फुटण्याचा दोष पुरणाला दिला जातो, पण बहुतेक वेळा कणीक कमी मळलेली असते. डाळीचे वरचे पाणी, म्हणजे कट, आमटीला जाते.

या पोळीच्या मागे भोवतालची शेती आहे. वऱ्हाड, वर्धा आणि नागपूरचा पश्चिम भाग काळ्या जमिनीचा. तिथे गहू, ज्वारी, हरभरा, तूर आणि जवस पिकतात. पूर्वेला वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग धानाचा, म्हणजे झाडीपट्टीचा. तिथल्या घरांत गोडाला तांदूळ जवळचा आहे. भंडाऱ्याचा सुवासिक चिन्नोर खिरीत घातला की वेगळा वास घालावा लागत नाही. या दोन पट्ट्यांच्या मधोमध नागपूर आहे, आणि चहूबाजूंना मोह, चारोळी, डिंक व मध देणारे जंगल आहे. जे इथे नाही त्यानेही स्वयंपाकाला आकार दिला. नारळ इथे होत नाही. म्हणून गणपतीत कोकणातल्यासारखे उकडीचे मोदक हा इथला जुना प्रघात नाही. सुक्या खोबऱ्याचे सारण भरलेले तळणीचे मोदक होतात. करंजीतही ओला नारळ नसतो, तर भाजलेला रवा, खोबऱ्याचा कीस, खसखस, कधी तीळ, कधी खवा असतो. खवा नसेल तर असे सारण टिकते, म्हणून दिवाळीची करंजी दहा-बारा दिवस डब्यात चांगली राहते. उसाचे क्षेत्रही विदर्भात थोडे, त्यामुळे गूळ बहुधा बाहेरून आलेला असतो.

शहराच्या इतिहासाने या शिदोरीत भर घातली. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ मध्ये नागपूर वसवले. पुढे ती भोसल्यांची राजधानी झाली. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला तेव्हा त्याची राजधानीही नागपूरच होती आणि १९५६ पर्यंत हे शहर हिंदी भाषक मुलखाशी एकाच कारभारात बांधलेले होते. १८६७ मध्ये मुंबईकडची रेल्वे इथे पोहोचली, नंतर बंगाल-नागपूर रेल्वे आली. कचेऱ्या आणि रुळांबरोबर माणसे आली, आणि माणसांबरोबर त्यांची मिठाई आली. नागपुरातल्या मराठी घरात गुजिया, लौकीचा हलवा, मुगाचा शिरा किंवा घरी फाडलेल्या दुधाचे रसगुल्ले होतात तेव्हा ते कोणाला परके वाटत नाहीत. पुण्यात दुधी म्हणतात त्याला इथे लौकी म्हणतात, एवढाच काय तो फरक.

वर्षभराचे गोड

घरच्या गोडाचे वर्ष खरे तर उन्हाळ्यात सुरू होते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी असते. वाळवणाला याहून चांगली हवा मिळणार नाही. गव्हाच्या सपिटाच्या शेवया पूर्वी पाटावर हाताने वळत, नंतर खाटेला किंवा पाटाला बसवलेल्या यंत्रातून काढू लागल्या. नखुल्या, मालत्या, गव्हले, फणुल्या हे नखाने, बोटाने आणि फणीने घडवायचे बारीक प्रकार खिरीसाठी असतात आणि लग्नकार्यात मुद्दाम मांडले जातात. यांच्यापेक्षा ठळकपणे वैदर्भीय म्हणावेत ते सरगुंडे. घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक पट्टी काडीभोवती गुंडाळायची, काडी हलकेच ओढून घ्यायची आणि तयार झालेली पोकळ वळी उन्हात वाळवायची. खायच्या दिवशी सरगुंडे पाण्यात उकडतात, निथळतात आणि आमरसाबरोबर वाढतात. पोकळीत रस शिरतो, हीच त्यांची गंमत. अक्षय तृतीयेला पितरांच्या नैवेद्यात आमरस, शेवया किंवा सरगुंडे, कुरडया आणि चिंचवणी असते. चिंचवणी म्हणजे चिंचेच्या कोळात गूळ घालून केलेले आंबटगोड पातळ. उन्हाच्या तडाख्यात ती गोडापेक्षा औषध म्हणूनच जास्त लागते. आमरसाला इथे कलमी आंब्याचा अट्टहास नसतो. गावरान रसाळ आंबे हाताने पिळून, वरून थोडे दूध आणि तूप घालून तो होतो.

उन्हाळा कडक होण्याआधी, चैत्रात, मारुतीच्या नावाने रोडगे होतात. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. वांग्याच्या भाजीबरोबर ते तिखट जेवण असते, पण तोच रोडगा गरम असताना कुस्करून त्यात तूप आणि गूळ मिसळला की गोड होते. यासाठी शेत आणि चार-सहा घरांची माणसे लागतात. सदनिकेतल्या ओव्हनमध्ये भाजलेले रोडगे खाता येतात, इतकेच म्हणावे लागेल.

आषाढात तळणाला ऊत येतो. गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेचे गुलगुले ही सर्वांत कमी सामानात होणारी मिठाई आहे. कणीक, गूळ, बडीशेप आणि तेल एवढे पुरते. गूळ पाण्यात पूर्ण विरघळलेला आणि पीठ तासभर मुरलेले असले की ते आतून जाळीदार होतात. नागपंचमीला अनेक घरांत तवा ठेवत नाहीत आणि विळीही वापरत नाहीत. त्या दिवशी कणकेच्या घड्या घालून वाफवलेले कानोले आणि खीर असते, किंवा पुरणाची दिंडे. तेल नाही, तळण नाही, चवही साधीच, आणि श्रावणातल्या उपासतापासाच्या दिवसांत पोटाला ती बरी.

याच मोसमात लाल भोपळा येतो. विदर्भात त्याला कोहळे म्हणतात, त्यामुळे पुण्यामुंबईचे पुस्तक उघडले की पेठ्याच्या पांढऱ्या कोहळ्याशी त्याची गल्लत होते. कोहळ्याचे बोंड हा इथला खास पदार्थ. फोडी वाफवून किंवा कीस शिजवून त्यात गूळ विरघळवतात, गार झाल्यावर मावेल तेवढीच कणीक, वेलची आणि किंचित मीठ घालतात आणि हाताने लहान बोंडे तेलात सोडतात. पाण्याचा थेंब घालायचा नाही, भोपळ्याचे पाणी पुरेसे असते. पीठ घट्ट केले की त्याच मिश्रणाच्या घारी किंवा पुऱ्या होतात. पोळ्याला बैलांना पुरणपोळीचा घास आधी आणि घरच्यांना नंतर. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुले लाकडी बैल घेऊन दारोदार जातात, त्यामुळे घरात गोड थोडे जास्तच करावे लागते.

भाद्रपदात गौरी येतात. त्यांना विदर्भात महालक्ष्म्या म्हणतात आणि घरच्या गोडधोडाची खरी परीक्षा तेव्हा होते. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्यात सोळा भाज्या, पुरणपोळी, पुरणाचे दिवे आणि ज्वारीची आंबील असते. त्याशिवाय अनेक घरांत फुलोरा बांधतात. करंज्या, पापड्या, वेणी, फणी असे तळलेले आकार देवींच्या वर टांगायचे असतात. हे नुसते खाण्याचे काम नव्हे, ते हस्तकौशल्य आहे, आणि घरात शिकवणारे हात नसले की एका पिढीत बंद पडते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींचा भुलाबाई हा गाण्यांचा खेळ चालतो. गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. ओळखू न येणारा पदार्थ करण्याच्या या चढाओढीने घरोघरच्या बायकांना दरवर्षी नवे काहीतरी सुचायला लावले. पाककलेच्या स्पर्धा सुरू होण्याच्या कितीतरी आधीची ही स्पर्धा. कोजागिरीला आटवलेल्या दुधात केशर आणि चारोळी पडते.

दिवाळीच्या पदार्थांत सर्वांत अवघड अनारसे. झाडीपट्टीच्या तांदळाला हे काम मानवते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचे. या काळात ते मंद आंबतात, दाणा आतून मऊ आणि कुटायला हलका होतो. चौथ्या दिवशी निथळून कापडावर सावलीत पसरायचे. पूर्ण वाळू द्यायचे नाहीत, हाताला ओलसर लागले पाहिजेत. कुटून बारीक चाळणीने चाळलेल्या पिठात जवळजवळ पिठाच्याच वजनाचा किसलेला गूळ आणि थोडे तूप मिसळून गोळे डब्यात दाबून ठेवायचे. पाच-सहा दिवस मुरल्यावर ते तळायला योग्य होतात. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद तुपात एकाच बाजूने तळतात आणि झाऱ्याने वरून तूप उडवतात. अनारसा तुपात पसरून विरला तर तो हसला असे म्हणतात. गूळ जास्त झाला किंवा पीठ फार ओले राहिले, ही त्याची दोन कारणे. थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा दोन दिवस ठेवणे हा उपाय. उलट पीठ कोरडे होऊन भेगा पडत असतील तर दुधाचा हबका किंवा पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा पुरतो. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारसे देण्याची चाल आहे. एरवी चुलीजवळ न फिरकणारी मंडळी तेव्हा दुकानाकडे धावतात, आणि म्हणूनच तयार अनारसा पीठ आज नागपुरात सहज मिळते.

दिवाळीचे बाकीचे जिन्नस, म्हणजे शंकरपाळे, चिरोटे, रव्या-बेसनाचे लाडू, महाराष्ट्रात इतरत्र होतात तसेच इथे होतात. संक्रांतीची तिळाची गूळपोळी पुरणपोळीची कोरडी बहीण, आठवडाभर टिकणारी आणि प्रवासाला सोबत जाणारी. होळीला विदर्भात मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी पडतात. साखरेचा पाक लाकडी साच्यात दोऱ्यावर ओतून त्या होतात, पण हे काम कारखान्यांचे. घरी कोणी गाठी करत नाही.

पाक, भाजणी आणि खवा

सण कोणताही असो, घरच्या गोडाचे यश थोड्याच मूळ क्रियांवर अवलंबून असते आणि त्यांत पाकाचा क्रम पहिला. साखर आणि पाणी उकळत असताना पाणी उडून जाते, साखरेचे प्रमाण वाढते आणि उकळण्याचे तापमानही चढते. बोटांत एक तार धरणारा पाक साधारण १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी ११२ ते ११६ अंशांवर वळते. रव्याच्या लाडवाला एकतारी, बर्फी आणि वड्यांना त्यापुढचा, चिक्कीला गोळी टणक होऊन आवाज करणारा पाक लागतो. एक-दोन अंशांच्या फरकाने लाडू दगड होतो किंवा वडी बसतच नाही. घरात तापमापक नसतो, म्हणून जुन्या खुणा वापरतात. त्या विश्वासार्ह आहेत, फक्त भांडे खाली उतरवून पाहायला हवे, नाहीतर पाहता पाहता पाक पुढे जातो.

साखरेचे स्फटिक परत होऊ नयेत म्हणून पाकात लिंबू पिळतात. लिंबातले आम्ल साखरेचा काही भाग फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते आणि मिश्रणात स्फटिक जमत नाहीत. लिंबू आणि पाक यांवरच उभा असलेला पदार्थ म्हणजे सुधारस. पाहुणे अचानक आले आणि घरात दूध-खवा काही नसले की एकतारी पाक, लिंबाचा रस, वेलची, केशर आणि असल्यास केळ्याचे काप एवढ्यात पंधरा मिनिटांत पोळीबरोबर गोड तयार होते. रस मात्र पाक उतरवून कोमट झाल्यावर घालावा. उकळत्या पाकात घातला तर लिंबाचा ताजा वास उडतो. विदर्भात सुधारस फार आवडीने खातात, तरी मिठाईच्या चर्चेत त्याचे नाव क्वचित येते. तो विकता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

भाजण्याचे काम वेळखाऊ, त्याला आडवाट नाही. बेसनाच्या लाडवासाठी पीठ तुपात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे लागते. आधी गोळा जड लागतो, मग तूप सुटून हात हलका चालतो आणि खमंग वास येतो. उतरवताना दुधाचा हबका मारला की पीठ फुलते आणि लाडू रवाळ होतो. पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावरच घालायची, नाहीतर ती विरघळून लाडू बसतात. मेथीच्या लाडवांसाठी मेथीचे पीठ तुपात काही दिवस भिजवून ठेवतात. कडवटपणा जात नाही, पण सोसवतो.

खवा ही हिंदी पट्ट्याकडून आलेली सवय, आता मराठी घरांतही पक्की झालेली. एक किलो खव्याला म्हशीचे साधारण पाच लिटर दूध आटवावे लागते, गाईचे त्याहून जास्त. इतके दूध आणि इंधन घालण्यापेक्षा लोक खवा विकतच आणतात आणि सणाच्या गर्दीत भेसळीची भीती बाळगतात. पिठाची भेसळ घरी ओळखता येते. थोडा खवा पाण्यात उकळून गार करून त्यात आयोडीनचे दोन थेंब टाकले आणि निळा रंग आला, तर त्यात स्टार्च आहे. आणलेला खवा त्याच दिवशी मंद आचेवर परतून घेतला की दोन-तीन दिवस जास्त टिकतो. वर्धा-नागपूर भागातली गवळाऊ ही मूळची गाय दुधापेक्षा कामाच्या बैलांसाठी नावाजलेली. त्यामुळे दुधातुपाची रेलचेल हे इथल्या सामान्य शेतकऱ्याच्या घराचे चित्र नव्हते. जुन्या घरगुती गोडात डाळ, कणीक आणि गूळ यांचा वाटा मोठा आणि दुधाचा लहान आहे, तो यामुळेही.

संत्र्याचे गोड

बाहेरगावच्या माणसाला नागपूर म्हटले की संत्रा बर्फी आठवते. हा पदार्थ परंपरेने घरचा नाही, मिठाईवाल्यांचा आहे, आणि तो गावोगाव पोहोचवला बिकानेरहून येऊन नागपुरात स्थिरावलेल्या हलदीरामने. संत्री मात्र जुनी. भोसल्यांच्या काळात ती औरंगाबादेकडून आली असे सांगतात. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि लिंबूवर्गीय फळांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही याच शहरात आहे. बाजारात फळ दोनदा येते. आंबिया बहाराचे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि मृग बहाराचे फेब्रुवारीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. मृगाचे संत्रे अधिक गोड, त्यामुळे घरी मिठाई करायची तर ते बरे.

संत्र्याचे गोड घरी बिघडते ते दोन कारणांनी. एक, रस आम्लधर्मी असल्यामुळे गरम दुधात किंवा कच्च्या खव्यात घातला की दूध फाटते. दुसरे, बिया, पांढरे धागे आणि फोडीवरचे पातळ साल यांत असलेल्या द्रव्यामुळे रस गरम केल्यावर किंवा नुसता ठेवल्यावरही कडू होत जातो. फळ खाताना हा कडवटपणा जाणवत नाही, म्हणून लोक फसतात. त्यावर उपाय कष्टाचा आहे. सात-आठ संत्र्यांच्या फोडी सोलून बिया आणि धागे काढून नुसता गर घ्यावा. वाटीभर गराला पाऊण वाटी साखर घालून तो जाम होईपर्यंत आटवावा. पाणी आटले की पाव किलो परतलेला खवा मिसळावा आणि मिश्रण कढई सोडेपर्यंत ढवळून तुपाच्या ताटात थापावे. गरातले पाणी आधीच आटलेले असल्यामुळे खवा फाटण्याची भीती कमी होते. वरून केशरी सालाचा किस, पांढरा भाग न येऊ देता, चिमूटभर टाकला तर वास खरा येतो. रंग आणि इसेन्स घातलेल्या बर्फीपेक्षा ही फिकी दिसते. दुकानातली इतकी केशरी का असते, हे मग विचारावे लागत नाही. खवा टाळायचा असेल तर सुक्या खोबऱ्याच्या किसाबरोबरही अशा वड्या होतात आणि त्या जास्त टिकतात. संत्र्याच्या फोडी घातलेली खीर किंवा बासुंदी करायची तर दूध पूर्ण गार झाल्यावर आणि वाढण्याच्या अगदी आधी फोडी घालायच्या.

जंगलाचा वाटा

शहरी पुस्तकांत सर्वांत कमी आलेला भाग म्हणजे जंगलातले गोड. मार्च-एप्रिलमध्ये गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांत मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे गोंड, माडिया व इतर कुटुंबे ती वेचतात. फूल मांसल आणि गोड असते. वाळल्यावर त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचा असतो. गूळ-साखर विकत न आणता गोड खाण्याचा हा मार्ग होता आणि टंचाईच्या दिवसांत तो पोटाचा आधारही होता. फुलातले केसर काढून, फुले भाजून, तीळ किंवा जवसाबरोबर कुटून लाडू करतात. फुले शिजवून पिठात मळून भाकरी-पुऱ्याही होतात. मोहाची ओळख दारूपुरती उरली होती आणि फुले बाळगण्यावरही निर्बंध होते. राज्य सरकारने २०२१ मध्ये ते उठवले, त्यानंतर बचत गटांचे मोहाचे लाडू प्रदर्शनांत दिसू लागले. पहिल्यांदा करणाऱ्याने फुले आधी धुऊन, नीट निवडून, मंद भाजून घ्यावीत. कच्च्या फुलांचा उग्र वास नवख्याला सहन होत नाही.

चारोळीही याच जंगलाची. टणक कवच फोडून आतला मसुराएवढा दाणा काढण्यात जी मेहनत आहे ती तिच्या भावात दिसते. दाण्यात तेल भरपूर, म्हणून ती लवकर खवट होते. घेताना एक दाणा चावून पाहावा आणि घरी हवाबंद डब्यात थंड जागी ठेवावी. डिंक धावड्याचा आणि बाभळीचा. थंडीत आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करताना तो तुपात थोडा थोडा तळावा. एकदम टाकला तर वरून फुलतो, आत कच्चा राहतो आणि दातांना चिकटतो. खारकेची पूड, खोबरे, खसखस, जायफळ आणि गूळ हे त्याचे सोबती. यांपैकी बहुतेक सामान नागपुरात इतवारीच्या किराणा बाजारात एकाच फेरीत मिळते.

घर आणि दुकान

छापील मराठी पाककृतींची परंपरा जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतले, तर कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे नेमके माप देऊन नवशिक्यांचे भय घालवले. पण या पुस्तकांचे केंद्र मुंबई, पुणे आणि कृष्णाकाठ असल्यामुळे सरगुंडे, बोंड, कानोले, चिंचवणी यांना तिथे फारशी जागा नाही. हे पदार्थ तोंडी परंपरेतच राहिले, आणि जिथे ती तुटली तिथे ते थांबले.

घरात काय टिकले आणि काय दुकानात गेले, याचा निवाडा चवीने झालेला नाही. जे टिकाऊ, वाहून नेता येण्यासारखे आणि एकसारख्या आकाराचे, ते दुकानात गेले. बर्फी, सोनपापडी, लाडू, वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक ही त्याची उदाहरणे. जे तव्यावरून उतरताच खायचे, पातळ किंवा दोन दिवसांत बिघडणारे, ते घरी राहिले. म्हणून संपन्न घरातही पुरणपोळी आणि सुधारस घरीच होतो आणि साध्या घरातही बर्फीचा डबा बाहेरून येतो. पुरणपोळी आता बायका घरून मागणीनुसार करून देतात आणि सणाला ती पन्नासच्या संख्येने विकली जाते. तीही त्याच दिवशी खाण्यासाठी. मधली अवस्था अनारशांची. पीठ विकत, तळण घरी.

टिकण्याचा हिशेब घरीही ठेवायला हवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानात सुट्या मिठाईजवळही ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिणे बंधनकारक केले होते. घरच्या डब्यावर कोणी लिहीत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात खव्याची बर्फी बाहेर एक दिवस आणि फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगली राहते. पुरण फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, गोठवून ठेवले तर महिनाभर, मात्र वापरण्यापूर्वी ते पुन्हा गरम करून आटवावे लागते, नाहीतर पोळी लाटताना पाणी सुटते. डिंकाचे आणि बेसनाचे लाडू कोरड्या डब्यात पंधरा दिवस ते महिना. अनारसा पीठ गुळामुळे काही महिने टिकते, वरून तूप लावून दाबून ठेवले तर जास्तच. शेवया आणि सरगुंडे पूर्ण वाळलेले असतील तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, पण पावसाळ्याआधी त्यांना एकदा ऊन दाखवावे आणि डब्याला ओल लागू देऊ नये.